चौतीस बायकांचं एक उत्तर

रुग्णालयाचं पत्र सोमवारी सकाळी ईमेलने आलं. दीड पानाचं होतं. तिसऱ्या परिच्छेदात असं लिहिलं होतं की, खासदारांच्या कार्यालयामार्फत आलेल्या चौतीस उत्तरांची रचना आणि शब्द जवळजवळ सारखे आहेत. त्यामुळे ती संघटित मोहीम समजून, कन्सल्टेशनच्या, म्हणजे लोकांची मतं मागवण्याच्या, नियमानुसार त्या सगळ्यांची नोंद एक उत्तर अशी करण्यात आली आहे.

ती चौतीस उत्तरं मी लिहिली होती. उत्तरं बायकांची होती. लेखन माझं होतं.

मी पुण्यात एका मराठी दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होते. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी घ्यायची, मराठी करायची, महत्त्वाचं वर आणायचं, जागेत बसवायची. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर लंडनजवळ इल्फर्डला आले. लग्न चौदा वर्षं टिकलं. ते संपल्यावर इंग्लंडच्या मधल्या भागातल्या, मिडलंड्समधल्या या शहरात नोकरी मिळाली म्हणून इथे आले. एका खोलीचा फ्लॅट आहे. खिडकीतून बसचा थांबा दिसतो.

नोकरी खासदारांच्या स्थानिक कार्यालयात केसवर्करची. लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, त्या त्या खात्याला पत्र पाठवायचं, उत्तर आलं की संबंधिताला कळवायचं आणि फाइल बंद करायची. कार्यालय हाय स्ट्रीटवर, बंद पडलेल्या एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली अजून तिजोरीचं दार आहे. ते उघडत नाही.

खासदारबाई या शहरातून निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वडील जमैकाहून आले आणि बस चालवू लागले. बाई स्वतः बावीस वर्षं मिडवाइफ होत्या, याच शहरातल्या रुग्णालयाच्या प्रसूती विभागात. नंतर कौन्सिलवर आल्या, तिथून पार्लमेंटमध्ये. बायकांचे आणि बाहेरून आलेल्या लोकांचे प्रश्न त्या लावून धरतात, असं त्यांच्याबद्दल छापून येतं. ते खरं आहे. लावून धरणं म्हणजे बरंचसं ट्रेनमध्ये बसणं असतं, हे छापून येत नाही. सोमवारी सकाळी लंडनला, गुरुवारी संध्याकाळी परत, शुक्रवारी आमच्याकडे लोकांना भेटायला.

रोज आठ ते नऊ माझं पहिलं काम त्यांच्या ईमेल वाचणं. उत्तर द्यायच्या एका फोल्डरमध्ये, धमक्यांच्या, पोलिसांकडे पाठवायच्या दुसऱ्यात. दुसरा फोल्डर बाईंनी बघू नये असं ठरलं होतं. बाई तो बघायच्या. कधी बघितला ते सिस्टिममध्ये दिसतं. पहाटे पावणेसहा, कधी सहा.

शुक्रवारी दुपारी त्या आपल्या गाडीत बसून जेवायच्या. गाडी मागच्या अंगणात, माझ्या खिडकीखाली. मी माझ्या टेबलावर डबा उघडायची. आम्ही दोघी एकाच वेळी, वीसेक फुटांच्या अंतरावर, एकट्या जेवायचो. एकदा सहीसाठी कागद घेऊन मी खाली गेले. त्यांनी काच खाली केली, सही केली.

"वर बसा ना," मी म्हणाले. "हीटर चालू आहे."

"वर मी खासदार आहे," त्या म्हणाल्या. "इथे मी सँडविच खाते."

मी कागद घेतले. त्या पुढे म्हणाल्या, "पहिली असण्यातली अडचण सांगू? विचारायला कुणी नसतं. पार्लमेंटच्या दारावरच्या माणसाने परवा पुन्हा विचारलं, तू कोणत्या खासदारासाठी काम करतेस. आठ वर्षं झाली. यावर काय बोलायचं असतं, हे माझ्या आधीचं कुणी असतं तर तिला विचारलं असतं."

त्यांनी काच वर केली.

रुग्णालयाचा प्रस्ताव जानेवारीत आला. प्रसूती विभागात समोर बसून बोलणारे दुभाषी बंद करायचे आणि त्यांच्या जागी फोनवरून किंवा टॅबलेटवरून दुभाषी द्यायचे. लोकांची मतं मागवली होती, मुदत सहा आठवडे.

बाईंनी शुक्रवारी आम्हाला बसवून सांगितलं, "मी पत्र लिहीन, पार्लमेंटमध्ये बोलेन. त्याचा उपयोग नाही. उत्तरं बायकांची पाहिजेत. ज्यांना दुभाषी मिळाला नाही, त्या बायकांची."

आम्ही म्हणजे मी आणि कार्यालयातली दुसरी मुलगी. ती चोवीस वर्षांची, इथेच जन्मलेली. आजोबा मुंबईहून आले होते. मला ती काकू म्हणते. तिचं मराठी घरातलं आहे आणि त्यात लिंगं आपापल्या मर्जीने फिरतात.

आम्ही दोघी पाच आठवडे फिरलो. लायब्ररीतला बालगट, गुरुद्वाराचं स्वयंपाकघर, मंदिराचा हॉल, एका शाळेचं फाटक. मराठी आणि हिंदी मी घ्यायची. गुजराती आणि पंजाबी बायकांबरोबर कुणी ना कुणी मैत्रीण असायची. मी शॉर्टहँडमध्ये लिहून घ्यायची आणि घरी जाऊन इंग्रजी करायची.

दैनिकाच्या डेस्कवर जसं करतात तसंच केलं. आधी कोण, कुठे, कधी. मग काय झालं. मग परिणाम. विशेषणं काढली, पुनरुक्ती काढली. बाई रडली असेल तर ते काढलं. रडण्याने बातमी पुढे जात नाही. प्रत्येक उत्तर एका पानात बसलं. प्रत्येकीला तिच्या भाषेत मजकूर सांगितला, होकार घेतला, सही घेतली. तथ्यांमध्ये एकही चूक नव्हती. आजही नाही.

"काकू," ती मुलगी प्रिंट काढताना म्हणाली होती, "सगळ्या बायका ना, तुमच्यासारखा बोलतात इथे."

"तुमच्यासारख्या," मी म्हणाले.

"तेच. लाइक, न्यूज रीडर."

मी ते मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

त्यातली एक जबानी अकोल्याकडच्या एका बाईची होती. वय सत्तावीस, बीए मराठी. नवरा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, वर्क व्हिसावर. ही त्याच्यामागून दोन वर्षांनी आलेली. लायब्ररीत ती मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशी बसली होती. बरोबर मूल नव्हतं. सहावा महिना लागायचा होता.

तिने सांगितलं ते असं. पहिल्या खेपेला, विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला, दुभाषी मागितला होता, आला नाही. डॉक्टर पाच मिनिटं बोलले. नवऱ्याने ऐकलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, सगळं ठीक. बाळाच्या हृदयात दोष होता. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या, काय काय करता येईल ते सांगितलं होतं, काही विचारायचं आहे का असंही विचारलं होतं. मुलगी झाली. ती अकरा दिवस जगली. स्कॅनला काय बोललं गेलं, ते या बाईला नंतर एका पत्रातून कळलं. ते पत्र तिने फोनवरच्या भाषांतरात घालून वाचलं.

"यायनं मुद्दाम नाही केलं, ताई," ती म्हणाली. "मले टेन्शन नको म्हणून सांगतलं नाही. पण डॉक्टर पाच मिनिटं बोलले. अन् मले दोन शब्द भेटले. बाकीचे शब्द कुठी गेले?"

मी लिहिलं: उत्तर देणाऱ्या स्त्रीला तपासणीच्या निष्कर्षांची पूर्ण माहिती देण्यात आली नाही.

त्या संध्याकाळी हे वाक्य टाइप करताना मला इल्फर्डच्या काळातली एक दुपार आठवली. माझं तीन महिन्यांचं पोट पडलं होतं. डॉक्टर बाई समोर होत्या, नवरा शेजारी. मला इंग्रजी येत होतं. त्याच्यापेक्षा चांगलं येत होतं, अकरा वर्षं मी इंग्रजीचंच मराठी करत होते. पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघत नव्हता. मी नवऱ्याला मराठीत म्हणाले, विचार, परत दिवस राहतील का. तो डॉक्टरांना म्हणाला, घरी केव्हा सोडाल असं ती विचारतेय. डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळी. तो मला म्हणाला, संध्याकाळी. मला दोन्हीकडचं सगळं कळत होतं. मी मान हलवली.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ते आठवलं, आणि मी पुढचं वाक्य टाइप केलं.

पत्र आलं त्या आठवड्याच्या शुक्रवारी बाई कार्यालयात आल्या. पत्र त्यांनी ट्रेनमध्ये वाचलं होतं. त्यांनी चौतीसही उत्तरं छापून मागितली आणि मोठ्या टेबलावर मांडली. कोट काढला नाही. उभ्यानेच प्रत्येक पानाचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचत गेल्या. उत्तर देणारी, वय सत्तावीस, दुभाष्याविना तपासणीस उपस्थित होती. उत्तर देणारी, वय एकोणचाळीस, दुभाष्याविना तपासणीस उपस्थित होती. सातव्या पानापर्यंत मी ऐकलं. नंतर खिडकीबाहेर बघितलं.

"या बायका एकमेकींना ओळखतात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग एकच वाक्य सगळ्यांना कसं सुचलं?"

"ते मला सुचलं."

कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, "सगळं खरं आहे पण त्यात. काकूने काही मेड अप नाही केली."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. मग त्या बसल्या. "मी न वाचता पुढे पाठवलं. दोन पानं बघितली, स्वच्छ दिसलं, वाटलं बाकीचीही स्वच्छ असतील. अशी स्वच्छ पानं मी वॉर्डात बावीस वर्षं लिहिली. बाई म्हणायची, कुणी ओलं कापड पिळतंय तसं दुखतं. मी लिहायची, वेदना सात."

"परत पाठवता येतील?" मी विचारलं.

"मुदत संपली."

मी माफी मागितली असं मला आठवत नाही. मागायला हवी होती.

एकच वाट उरली होती. रुग्णालयाच्या बोर्डाची बैठक बारा दिवसांनी होती, दुपारी दोन वाजता, लोकांना खुली. तिथे शहरातला कुणीही प्रश्न विचारू शकतो. प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो. बोलायला तीन मिनिटं. निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता.

"मी बोलले तर ते मला ओळखतात," बाई म्हणाल्या. "मी काय बोलणार ते त्यांनी आधीच लिहून ठेवलंय. या चौतिसांतली एक जण पाहिजे."

मी पाच जणींना फोन केले. दोघींनी नाही म्हटलं. एकीच्या सासूने फोन घेतला आणि ठेवला. एक लेस्टरला राहायला गेली होती. पाचवी अकोल्याची बाई. ती म्हणाली, "घरी या. हे ऑफिसले गेल्यावर या."

मी बुधवारी गेले. दोन खोल्यांचं घर, सोफ्यावर चादर. तिने पोहे केले होते. पोट आता दिसत होतं. पुढचा स्कॅन सहा आठवड्यांवर होता. पहिल्या बाळामुळे या खेपेला हृदय बघायला एक जादा स्कॅन ठेवला होता. दुभाषी बंद झाले तर त्या खोलीत तिच्याबरोबर पुन्हा नवरा आणि एक फोन, एवढंच असणार होतं.

मी पत्राबद्दल सांगितलं. कुणाच्या चुकीमुळे झालं तेही सांगितलं.

ती पोहे हलवत राहिली. "तुमी लिहिलेलं मी पुन्हा वाचलं," ती म्हणाली. "फोनमध्ये घालून. चांगलं होतं, ताई. पण ते कोण बाई आहे, मले वळखू नाही आली."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमी शिकलेल्या. मले वाटलं, असंच लिहितात."

मी तिला बोर्डाच्या बैठकीचं सांगितलं. ती म्हणाली, बोलेन, पण मराठीत. आणि मग म्हणाली, "तुमी मधात सुधारू नका."

बोर्डाच्या सेक्रेटरीचं ईमेल दुसऱ्या दिवशी आलं. प्रश्न इंग्रजीतच विचारावेत. बाईंनी लंडनहून त्याला फोन केला. नंतर त्यांनी मला सांगितलं तो संवाद असा. त्या म्हणाल्या, प्रश्न तुम्हाला इंग्रजीतच मिळेल; विचारणारी कोणत्या भाषेत बोलेल, याबद्दल तुमच्या नियमात एक शब्द नाही. तो म्हणाला, मग दुभाषी तुमचा तुम्ही आणा. त्या म्हणाल्या, म्हणजे दुभाष्यांवरच्या बैठकीला तुमच्याकडे दुभाषी नाही, असं मी लिहून घेऊ? तो म्हणाला, वेळ मात्र तीनच मिनिटं, दुभाषी धरून.

तीन मिनिटं दुभाषी धरून म्हणजे तिची दीड.

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात तयारी केली. मुलीने फोनवर घड्याळ लावलं. पहिल्या वेळी ती सव्वाचार मिनिटं बोलली. माझा हात पेन्सिलकडे गेला. काय काढायचं ते मला लगेच दिसत होतं. सुरुवातीचं सासरचं, मधलं विमानाचं. मी पेन्सिल ठेवली. तिने स्वतःच काढलं. विमानाचं काढलं. सासरचं ठेवलं. मला ते उलट वाटलं होतं.

दुभाष्याचं काम मी आधी केलं नव्हतं. बाईंनी मला तासभर फोनवर शिकवलं. वॉर्डात त्यांनी चांगले दुभाषी बघितले होते. "तिच्या शेजारी बस, पण अर्धं पाऊल मागे. ती 'मी' म्हणाली की तूही 'मी' म्हणायचं. 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. ती थांबली तर थांब. ती चुकली तर चूक."

"आणि मला काही वाटलं तर?"

"तुला त्या खोलीत काही वाटत नाही." मग त्या म्हणाल्या, "या विषयावर तुझं स्वतःचं काही आहे का? असेल तर आत्ता सांग. तिथे मधे यायला नको."

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बावीस वर्षं बायकांचं ऐकलेल्या माणसाला कळलं असणार.

बैठक रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत होती. लांब टेबल, चौदा माणसं, पाण्याचे जग. लोकांसाठी तीन रांगा; त्यांत आम्ही धरून नऊ जण. एक तरुण वार्ताहर लॅपटॉप घेऊन बसला होता. खासदारबाई शेवटच्या रांगेत. बोलायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. टेबलाभोवती त्यांच्या ओळखीचे निदान तिघे होते. एकाने मान हलवली.

तिचं नाव पुकारलं. ती उठली, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मी अर्धं पाऊल मागे उभी राहिले.

ती म्हणाली, मी म्हणाले. मी अकोल्याची आहे. माझ्या सासरी बायकांनी मध्ये बोलायची रीत नाही, म्हणून मी त्या खोलीत गप्प बसले. तुम्ही समजलात की मला समजलं. डॉक्टर पाच मिनिटं बोलले. माझ्या नवऱ्याने मला दोन शब्द दिले. माझी मुलगी अकरा दिवस जगली. ती जगली नसतीच, असं नंतर मला सांगितलं. असेल. पण ती पाच मिनिटं माझी होती. ती मिनिटं मला कुणी परत देणार आहे का?

आमचं बोलून संपलं तेव्हा चार सेकंद शिल्लक होते, असं मुलीने नंतर सांगितलं.

अध्यक्ष साठीचे गृहस्थ. त्यांनी आधी सांत्वन केलं; मी ते मराठीत सांगितलं. मग म्हणाले, आपण जे झालं त्याबद्दल बोलत आहात, पण नव्या व्यवस्थेत फोनवर प्रशिक्षित दुभाषी कायम असेल, उलट तो वेळेवर मिळेल. त्याबद्दल आपल्याला काय वाटतं?

हे तयारीत नव्हतं. ती माझ्याकडे वळली नाही. त्यांच्याकडेच बघत म्हणाली, "फोनवरच्या माणसाले माझं तोंड दिसत नाही. मले समजलं नाही, हे माझ्या तोंडावर दिसते, बोलण्यात नाही येत. अन् फोन कोणाच्या हातात राहीन? यायच्याच हातात राहीन ना."

मी सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज खाली गेला. अध्यक्ष म्हणाले, पुन्हा सांगाल का. मी पुन्हा सांगितलं. फोन कुणाच्या हातात असेल? माझ्या नवऱ्याच्याच हातात असेल ना.

टेबलाच्या डाव्या टोकाला बसलेल्या एका बाईने काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तो पार्किंगबद्दल होता.

बाहेर आल्यावर तिने पाणी मागितलं. खासदारबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बाईंना मराठी येत नाही, तिला इंग्रजी थोडं. बाईंनी तिच्या पोटाकडे बोट दाखवून विचारलं, किती आठवडे. ती म्हणाली, "ट्वेंटी सिक्स." बाई म्हणाल्या, "खुर्चीवर बस." ती बसली. त्यात मला बोलावं लागलं नाही.

स्थानिक वेबसाइटवर संध्याकाळी बातमी आली. दोन परिच्छेद. अकोल्याच्या बाईचा उल्लेख 'एक रहिवासी' असा होता. पार्किंगला तीन परिच्छेद. फोटो खासदारबाईंचा होता आणि खाली नाव दुसऱ्याच एका कृष्णवर्णीय खासदार स्त्रीचं होतं. मी वेबसाइटच्या डेस्कला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, दुरुस्त करतो. दोन दिवसांनी दुरुस्त झालं. बाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "या वर्षातलं तिसरं. ती माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे, मी तक्रार करत नाही." मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. कोट घेऊन खाली गेल्या. थोड्या वेळाने अंगणात गाडीतला दिवा लागला.

निर्णय महिनाअखेरीस आला. स्कॅन, संमती घेणं आणि वाईट बातमी देणं, या तीन प्रसंगी समोर बसणारा दुभाषी राहील. बाकी सगळ्यासाठी फोन. वर्षभराने फेरविचार.

"अर्धं," बाई फोनवर म्हणाल्या. मागे स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. "अर्ध्याहून कमी. पण तिच्या स्कॅनला पुरेल." मग त्या म्हणाल्या, ट्रेन आली, आणि फोन बंद झाला.

मी त्याच दिवशी अकोल्याच्या बाईकडे गेले. मराठी दुभाषी या भागात मिळणं कठीण. यादीत बहुतेक हिंदी असतात आणि मराठी माणसाला हिंदी चालतं असं धरतात. मी येताना ठरवून आले होते. तिला सांगितलं, की तुला चालत असेल तर मी रुग्णालयाकडे नाव देते, छोटं प्रशिक्षण आहे, आठवड्यात होईल. स्कॅनला मी येते.

तिने चहा गाळला. कप माझ्यासमोर ठेवला.

"तुमी नको, ताई," ती म्हणाली.

मी कप हातात घेतला.

"राग मानू नका. तुमाले सगळं माहीत आहे. डॉक्टर बोलले की तुमी मले सांगायच्या आधी माझ्याकडे पाहासान. तुमाले वाईट वाटन. मंग मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहीन, डॉक्टरचं ऐकणार नाही." ती बसली. "मले अनोळखी पाहिजे. जिले माझं काहीच लागत नाही, तशी. अन् यायले पण मी सांगतलं, तुमी बाहेर बसजा."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. लय वेळ काही म्हणाले नाही. मंग म्हणाले, बरं."

चहा पिऊन मी निघाले. दारात तिने विचारलं, "राग नाही ना आला?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. जे होतं त्याला राग म्हणत नाहीत.

कार्यालयात आल्यावर मी रुग्णालयाला पत्र लिहिलं. स्त्री दुभाषी, मराठी, हिंदी चालणार नाही, रुग्णाच्या ओळखीतली नको. दोनदा नकार आला, तिसऱ्या पत्रावर बाईंनी स्वतः सही केली. मग दुसऱ्या शहरातली एक जण मिळाली. मंगळवार, सकाळी दहा चाळीस.

त्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे आठला आले, ईमेल वाचल्या, दोन फोल्डर केले. दहा चाळीसला माझ्यासमोर घराच्या भिंतीला बुरशी आलेला एक निवृत्त बसचालक बसला होता. मी त्याचं लिहून घेत होते. तो म्हणाला, भिंत माणसासारखी घाम गाळते. मी ते तसंच लिहिलं.

साडेबाराला तिचा मेसेज आला. झालं ताई. दुभाषीबाई चांगल्या होत्या. तेवढंच.

मी फाइल बंद केली. शेवटच्या रकान्यात लिहायचं असतं, काय निष्पन्न झालं. मी लिहिलं: "दुभाषी उपस्थित होती." त्या खोलीत डॉक्टर काय बोलले, तिने काय विचारलं, तिला काय उत्तर मिळालं, हे मला माहीत नाही.